खाडी ओलांडून डोंगराकडे: फुगवायच्या बोटीचं नियोजन, मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

आपल्याकडे पाणी म्हटलं की धरण, तळं, विहीर, नाहीतर गोदावरी. जायकवाडीतून पाणी सोडलं तर पैठणच्या खाली नदी चढते. एरवी सकाळी काठ जिथे होता तिथेच तो संध्याकाळीही सापडतो. कोकणातल्या खाडीत असं होत नाही. सकाळी दहाला ज्या वाळूवर तुम्ही बोट ठेवली, तिथे दुपारी चारला दोन मीटर पाणी असू शकतं. मधल्या तासांत खाडीचं पाणी तुमच्या वल्हवण्यापेक्षा जोरात वाहत असतं. मोठमोठे किल्ले चढलेली, दमसासाची माणसं इथेच फसतात, कारण ताकद आणि पोहणं या दोन्हींपेक्षा इथे घड्याळ मोठं असतं.

हा लेख अशा ट्रेकरसाठी आहे, ज्याला एका माणसाची फुगवायची बोट (पॅकराफ्ट) सॅकमध्ये घालून कोकणात जायचं आहे, एखादी अरुंद खाडी ओलांडायची आहे आणि पलीकडचा डोंगर किंवा किल्ला चढून त्याच दिवशी परत यायचं आहे. उघडा समुद्र आणि बेटावरचे जलदुर्ग यात धरलेले नाहीत. तिथे या बोटीने जाऊ नका. योग्य महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाव काढू नका. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीही बंद असते, आणि त्या काळात खाडीत नदीचा पूरही उतरतो.

१. परतीची वेळ आधी ठरवा, निघायची नंतर

डोंगराच्या ट्रेकला आपण पहाटे किती वाजता चढायला लागायचं ते आधी ठरवतो. खाडीत उलट करा. परत येताना पाणी थबकलेलं कधी असेल, तेव्हा उजेड असेल का, वारा कसा असेल, ही तीन उत्तरं मिळाल्यावरच बाकीचा दिवस मांडा.

दुसरी गोष्ट, परतीचा कोरडा रस्ता हाताशी ठेवा. वेळ चुकली तर पुलावरून फिरून येता यायला हवं, किंवा तरीने (माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीने), किंवा पलीकडच्या गावातून एस.टी.ने. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडले, जयगड–तवसाळ अशा मोठ्या खाड्यांवर गाड्या नेणारी फेरीबोट चालते. मात्र फेरीबोट चालते म्हणजे ती खाडी रुंद आणि वर्दळीची, तेव्हा ऐन तिच्या वाटेवर नवख्याने आपली बोट घालू नये. कोरडा रस्ता नसेल तर ती जागा यादीतून काढून टाका. फुगवायच्या बोटीचा मोठा फायदाच हा की ती घडी करून पाठीवर येते. परतताना पाण्यात उतरलंच पाहिजे असं काही नाही.

२. जागा निवडताना

- रुंदी: पहिल्या चार-पाच वेळा भरतीच्या वेळची रुंदी ३०० मीटरच्या आत हवी. नकाशावर दिसणारी रुंदी ओहोटीची आहे की भरतीची, ते तपासा. ओहोटीला १८० मीटर दिसणारी खाडी भरतीला ३०० भरू शकते.
- मुखापासून अंतर: खाडी समुद्राला मिळते तिथे लाटा फुटतात, वाळूचे दांडे असतात आणि ओहोटी सरळ समुद्रात ओढते. मुखापासून निदान तीन-चार किलोमीटर आत, शक्यतो खाडीच्या वळणामागे या.
- काठ: दोन्ही काठांना दगडी धक्का, घट्ट वाळू किंवा कातळ हवा, आणि तो ओहोटीलाही पाण्यापर्यंत पोचलेला हवा. उपग्रहाच्या चित्रात हिरवीगार दिसणारी किनार म्हणजे बहुतेक वेळा कांदळवन, खाऱ्या चिखलातली झाडी. त्याच्या पुढे गुडघा ते कंबरभर गाळ असतो. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, फांदी तोडून वाट करू नका.
- पाण्यातले अडथळे: डोल जाळ्यांचे (मासे धरायला ओढीच्या पाण्यात बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि दोर, रेती काढणाऱ्या होड्या, धारदार कालवं (शिंपले) चिकटलेले खडक. ओढीच्या पाण्यात बोट खुंटाला आडवी अडकली की उलटते.
- मगरी: वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला आणि सावित्रीत महाडच्या बाजूला मगरी आहेत. जितकं आत, गोड्या पाण्याकडे जाल तितकी शक्यता वाढते. गावात विचारल्याशिवाय उतरू नका.

३. भरती-ओहोटी समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बोट उधार मिळेल, ही समज उधार मिळत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं लागतात. म्हणून भरती रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या शनिवारी जमलेली वेळ या शनिवारी उपयोगाची नाही. दिवसातल्या दोन भरत्यांची उंचीही सारखी नसते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. त्याचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. उधाणाला मुंबईच्या बाजूला चढउतार चार मीटरच्या वर जाऊ शकतो. दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे तो बराच कमी होतो. एवढं पाणी त्याच सहा तासांत आत-बाहेर जायचं म्हणजे ओढही तेवढीच वाढणार. म्हणून नवख्याने अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे तीन दिवस सोडून द्यावेत. पौर्णिमेचं चांदणं बघून तारीख ठरवणारे इथेच चुकतात.

कोळी लोकांचा तिथीचा हिशोब घरच्या दिनदर्शिकेवर करता येतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची ढोबळ वेळ. पंचमीला ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांना हाच हिशोब, पौर्णिमा-अमावास्येला १५ धरायचे. ओहोटी त्याच्या आधी-नंतर सहा तासांवर. यात अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त फरक पडतो, शिवाय दिनदर्शिकेतली तिथी सूर्योदयाची असते. तेव्हा हा हिशोब तारीख निवडायला आणि तक्त्यातली ढोबळ चूक पकडायला वापरा. बोट पाण्यात घालायची ती तक्त्यावरूनच.

भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. मोबाइलवरची ॲपही चालतील, पण तीन गोष्टी बघा. वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे ना? बंदर कोणतं धरलंय? मुंबईची वेळ रत्नागिरीच्या खाडीला लागू नाही. आणि उंचीचा आकडा म्हणजे खाडीची खोली नव्हे. तो ठरावीक मूळ पातळीपासून मोजलेला असतो. ‘१.५ मीटर’ लिहिलंय म्हणून तुमच्या धक्क्याशी दीड मीटर पाणी असेल असं नाही.

आता ओढ. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढउताराचे बारा भाग केले तर सहा तासांत ते साधारण १, २, ३, ३, २, १ असे वाटले जातात. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी सरकतं. याच दोन तासांत खाडी ओलांडायची नाही. ओलांडायची ती दोन्ही टोकांना, पाणी थबकतं तेव्हा.

नवख्याचा वेग थांबलेल्या पाण्यात ताशी तीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. ३०० मीटरला सहा मिनिटं. मधल्या तासांत ओढ सेकंदाला एक मीटर असली तर त्या सहा मिनिटांत तुम्ही ३६० मीटर बाजूला गेलात. सरळ रेषेत समोरचा धक्का गाठणं तर सोडाच, समोर चिखल आहे की खडक हेही तुमच्या हातात राहिलं नाही. पाणी थबकताना ओढ सेकंदाला २० सेंटिमीटर असेल तर सरकणं ७२ मीटर, ते सांभाळता येतं.

४. एका दिवसाची मांडणी

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, ते तुमच्या तारखेचे नव्हेत. पंचमीचा दिवस धरू. तक्त्यात ओहोटी सकाळी ९:५० ला १.५ मीटर, भरती दुपारी ४:०५ ला ३.६ मीटर. चढउतार २.१ मीटर.

जाणं: ९:५० नंतर, पाणी आत वळायला लागल्याची खूण दिसली की, साधारण १० ते १०:२० च्या दरम्यान. ओहोटीच्या शेवटी घाईने निघण्यापेक्षा भरतीच्या सुरुवातीला निघणं बरं. काही बिघडलं, वल्हं निसटलं, तर पाणी तुम्हाला समुद्राकडे न नेता खाडीच्या आत नेईल. कोणतीही जागा असो, हा नियम मोडू नका.

चढाई: १०:३० ते ३:००. शिखर आलं नसलं तरी १२:४५ ला मागे फिरायचं. उरलेला वेळ उतरणं, बोट फुगवणं आणि पाणी बघणं यासाठी.

परत येणं: ३:३० ते ४:०० दरम्यान. भरती संपत आलेली, ओढ मंदावलेली, आणि उरलीसुरली ओढही आतच नेणारी. ४:३० वाजले की दार बंद समजा. त्यानंतर ओहोटी लागते, पाणी समुद्राकडे ओढायला लागतं, आणि दोन तासांत अंधार. तेव्हा पुलाचा रस्ता धरा.

आता वारा. थंडीत पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो हलका. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा सुटतो आणि दोन ते पाच त्याचा जोर असतो. वारा आणि पाणी एकाच दिशेने असले तर खाडी सपाट दिसते. उलट दिशेने असले की आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि हलक्या बोटीला त्याच वाईट. वरच्या नमुन्यात परतीला भरती आणि खारा वारा दोन्ही आत जाणारे आहेत म्हणून ते जमतं. तेच साडेचारनंतर ओहोटी आणि खारा वारा समोरासमोर येतात. पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला, वाऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर गेला, की बोट सॅकमध्येच राहू द्या.

५. सामान

बोट: जलतरण तलावातली खेळण्याची बोट चालणार नाही. तिचं प्लॅस्टिक कालवांवर एका घासण्यात फाटतं. जाड कापडावर टीपीयूचा (लवचीक, चिवट प्लॅस्टिकचा) थर असलेली पॅकराफ्ट साधारण अडीच ते चार किलोची येते. हवेचे दोन वेगळे कप्पे असतील तर नवख्यासाठी उत्तम. एका माणसाच्या बोटीत दोघं बसायचं नाही.

बाकीची यादी:

- चार तुकड्यांचं दुपाती वल्हं, सुमारे २१० ते २२० सेंटिमीटर. गटात एक जादा.
- लाइफ जॅकेट प्रत्येकाला. ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगत ठेवायच्या ताकदीचं माप) फक्त चांगलं पोहणाऱ्यासाठी, बाकीच्यांना १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं.
- जॅकेटलाच बांधलेली शिट्टी.
- १५ मीटर तरंगणारा दोर. सुती आणि नायलॉनचा बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. दोर स्वतःच्या अंगाला कधीही बांधू नका.
- दुरुस्ती: तुमच्या बोटीच्याच कापडाचे ठिगळ, त्याचा गोंद, पुसायला स्पिरिट, चिकटपट्टी. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन रबरासाठी असतं, पीव्हीसी किंवा टीपीयूवर ते धरत नाही.
- मोबाइल जलरोधक पिशवीत, अंगावर. दुसरा मोबाइल दुसऱ्याकडे.
- हेडलॅम्प, दिवसाचा बेत असला तरी.
- नाडीचे जुने बूट. सँडल आणि चप्पल गाळात राहते.
- माणशी तीन लिटर पाणी. चारही बाजूंना पाणी असलं तरी ते खारं.

हवेबद्दल एक बारकावा. उन्हात फुगवून घट्ट केलेली बोट गार पाण्यात ठेवली की आतली हवा आकसते आणि ती सैल पडते. पाण्यावर दोन मिनिटं ठेवा, मग पुन्हा हवा भरा. उलट, घट्ट भरलेली बोट उन्हात ठेवून जेवायला बसलात तर शिवण उसवेल. काठावर थांबायचं असेल तर थोडी हवा काढा.

६. सराव घराजवळ

विहिरीत पोहायला शिकलेला माणूस दमाचा असतो, पण विहिरीला ओढ नसते आणि चार हातांवर कड असते. सराव वेगळा करावाच लागतो. नाथसागर हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय बोट घालू नका. इतर धरणांवर आणि पाझर तलावांवरही आधी संबंधित कार्यालयाला विचारा. सोपा मार्ग म्हणजे जलतरण तलाव.

सराव एकाच गोष्टीचा: मुद्दाम बोट उलटवा आणि पुन्हा आत चढा. बूट, जॅकेट, पूर्ण कपडे घालून. बोट उलटली की आधी ती धरायची, मग वल्हं. बोट इतकी हलकी असते की वाऱ्याची एक झुळूक तिला तुमच्या पोहण्यापेक्षा जोरात नेते. मग ती सुलट करून, पाय पाण्यावर आडवे आणून, लाथा मारत पोटावर आत सरकायचं. उभं राहून लोंबकळलात तर ती पुन्हा उलटते. मदतीशिवाय दहापैकी दहा वेळा जमेपर्यंत कोकणाचं तिकीट काढू नका.

७. कागद आणि परवानगी

ओळखपत्र सगळ्यांचं. नावं, रक्तगट, घरचे फोन आणि दिवसाचं वेळापत्रक असा एक कागद तीन प्रतींत: एक गाडीत, एक घरी, एक गावात. जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी कळवा. गावातल्या धक्क्यावर तरीवाल्याला किंवा कोळी मंडळींना विचारा, “दादा, इथे पाणी कधी फिरतं?” त्यांचं उत्तर तुमच्या तक्त्याशी जुळलं नाही, तर त्यांचं खरं धरा. ‘आज नको’ म्हणाले तर का ते विचारा, वाद घालू नका.

आपत्कालीन क्रमांक: ११२, आणि तटरक्षक दलाचा १५५४. लाटा आणि वाऱ्याचे इशारे हवामान खातं आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा.

८. एक दिवस आधी पोचा

मराठवाड्यातून कोकण म्हणजे रात्रभराचा प्रवास. शुक्रवारी रात्री गाडी काढायची आणि शनिवारी सकाळी पाण्यात उतरायचं, ही सगळ्यात नेहमीची चूक. झोप न झालेला माणूस वेळ पाळत नाही. मुक्काम काठावरच्या गावात करा आणि आदला दिवस पाणी बघण्यात घालवा.

पाण्याच्या कडेला काठी रोवा आणि दर दहा मिनिटांनी खूण करा. तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेनंतर किती मिनिटांनी पाणी खरंच चढायला लागलं ते लिहून ठेवा. जितकं आत जाल तितका हा उशीर वाढतो. पातळी फिरल्यावरही मधल्या धारेची ओढ लगेच फिरतेच असं नाही. ती बघायला नारळाचं सोडण (वरचं साल) पाण्यात टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. मिनिटाला १० ते १२ पावलं सरकलं तर ओलांडता येईल. ३० च्या वर सरकलं तर थांबा. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी हेच पुन्हा करा.

९. ओलांडताना

कमीत कमी दोन बोटी, आणि एक माणूस काठावर. सॅक बोटीला बांधा, सॅकचे पट्टे अंगावर नकोत. समोरचा उतरायचा धक्का निवडा, पण निघा त्याच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूने, आणि बोटीचं नाक प्रवाहाकडे थोडं वळवून ठेवा. वल्हं आखूड आणि सारखं मारा. मध्यावर फोटोसाठी थांबू नका. यांत्रिक होडी दिसली तर ती तुम्हाला बघतेय असं धरू नका, ती जाईपर्यंत काठालाच थांबा. तिची लाट आडवी न घेता नाकावर घ्या.

गाळात रुतलात तर पाय उपटायची धडपड जितकी जास्त, तितके आत जाता. बोट शेजारी ओढा, तिच्यावर छाती टाका, वजन पसरा आणि पाय एकेक करून सावकाश मागे काढा.

१०. पलीकडे पोचल्यावर

बोट वाळूवर ठेवून डोंगर चढायला निघालात तर परतल्यावर बोट नसेल. काठावर वाळलेलं शेवाळ, नारळाची सोडणं, प्लॅस्टिक अशी कचऱ्याची रेघ दिसते, ती आधीच्या भरतीची. बोट त्या रेघेच्या निदान एक मीटर उंचीवर न्या, उलटी करा, झाडाला बांधा, वल्हं आत ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे घडी करून सोबत न्या. परतताना जिथे उतरलात तिथूनच निघता येईल असंही नाही. सकाळची घट्ट वाळू तेव्हा पाण्याखाली असते आणि कडेला खडक असतात. चढायला जाण्याआधीच भरतीच्या वेळची निघायची जागा बघून ठेवा.

१२:४५ ची मागे फिरायची वेळ फोनच्या गजरावर लावा. गटातल्या एकाने जरी ‘पाणी बरोबर वाटत नाही’ म्हटलं, तरी सगळ्यांनी रस्त्याने परतायचं, हे घरून निघतानाच ठरवा. धक्क्यावर उभं राहून मतदान नको.

११. परतल्यावर

बोट, व्हॉल्व्ह, जॅकेटच्या चेन आणि वल्ह्याचे सांधे गोड्या पाण्याने धुवा. मीठ सुकलं की सांधे धरतात आणि व्हॉल्व्हमधून हवा झिरपते. बोट सावलीत पूर्ण वाळल्यावरच घडी करा.

पण त्याआधी, ओल्या हातांनीच, ज्याच्याकडे वेळापत्रकाचा कागद ठेवला त्याला आणि सागरी पोलीस ठाण्याला फोन करा की सगळे अलीकडे आले. घरच्या माणसाला सांगून ठेवलेलं असतं, साडेपाचपर्यंत फोन आला नाही तर १५५४ लावायचा, आणि त्याने तो खरंच लावायला हवा.